जुन्या डिझेल गाडीचा दम

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क वाढवले. मोटारीसाठी ते ५,००० रुपयांवरून १०,००० झाले. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर खासगी वाहनाला पर्यावरण कर भरावा लागतो, तो वेगळाच. दिल्ली परिसरात डिझेल गाडीला दहा वर्षांची जी मर्यादा आहे ती आपल्याकडे नाही, तरीही ‘दहा वर्षे झाली की गाडी भंगारात’ ही भीती कोकणातल्या गाडीमालकांपर्यंत पोहोचली आहेच. प्रत्यक्षात गाडी तपासणीत पास झाली, तर इथे पुढची पाच वर्षे ती चालवता येते. म्हणून माणसे जुनी बोलेरो, जुनी सुमो, जुना पिकअप विकत नाहीत. नव्या गाडीचा हप्ता परवडत नाही. मग प्रश्न उरतो तो एकच : ही गाडी पूर्वीसारखी ओढत का नाही, आणि थोडक्या पैशांत तिच्यात पुन्हा दम कसा भरायचा?

रत्नागिरीला लागून असलेल्या मिरजोळ्यात हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. इथे एमआयडीसी आहे, मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत, शेजारी विमानतळ आहे. बर्फ, मासळी, आंब्याच्या पेट्या, चिरे, कामगार अशी सगळी वाहतूक डिझेलवर चालते. कोल्हापूरला माल न्यायचा तर हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढावा लागतो. चढावर मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकत दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या चालकाला ‘पंप थोडा वाढवून घे’ हा सल्ला पटतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र पंप वाढवला की नेमके काय होते, हे त्याला कोणी सांगत नाही.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन दोन्ही मोजून जातात. डिझेल इंजिन हवा मिळेल तेवढी ओढते आणि ताकद ठरते ती आत किती डिझेल फवारले यावर. जुन्या गाड्यांत हे काम यांत्रिक पंप करतो. जास्तीत जास्त किती डिझेल जावे हे ठरवणारा एक स्क्रू त्या पंपावर असतो आणि कारखान्यातून येताना त्याला सील असते. सील तोडून स्क्रू अर्धा फेरा फिरवला की डिझेल वाढते. खर्च जवळजवळ शून्य, आणि पहिल्या दिवशी गाडी खरोखरच जास्त ओढते. त्यामुळे हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे.

आता हिशेब पाहू. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला सुमारे बारा किलो, म्हणजे जवळपास दहा हजार लिटर हवा लागते. टर्बो नसलेले अडीच लिटरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर, कागदावरच्या हिशेबाने, अडीच हजार लिटर हवा ओढते; प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणजे मिनिटाला पाव लिटर डिझेल ही त्याची कमाल मर्यादा झाली. त्यातही सिलिंडरमध्ये हवा आणि डिझेल एकजीव व्हायला मिलिसेकंदांचाच वेळ मिळतो. त्यामुळे हवा बरीच शिल्लक ठेवावी लागते, नाहीतर धूर सुरू होतो. गाडी तयार करणाऱ्याने तो स्क्रू जिथे बसवला, ती जागा याच धुराच्या अलीकडची असते. त्यापुढे घातलेल्या प्रत्येक थेंबाचा काही भागच ताकद देतो. उरलेला काजळी होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतो. घाटमाथ्यावर तर अडचण वाढते, कारण दर हजार फुटांमागे हवा साधारण तीन टक्क्यांनी विरळ होते. हवा कमी, डिझेल तेवढेच.

काळा धूर म्हणजे ‘गाडी जोरात आहे’ असे मानणारे अनेक जण आहेत. तो खरे तर पैसे देऊन घेतलेला आणि न जळलेला कार्बन आहे. शिवाय जादा डिझेलने ज्वलन लांबते आणि तापमान चढते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. ज्वाळेसमोर पिस्टन टिकतो तो तेल, रिंगा आणि सिलिंडरची भिंत उष्णता ओढून नेतात म्हणून. वीस वर्षे चाललेल्या इंजिनात, गाळ बसलेल्या रेडिएटरसह, लांब चढावर ही साखळी कुठेतरी तुटते. मग ‘हेड गेलं’ किंवा ‘पिस्टन धरला’ असे ऐकू येते आणि फुकटातली ताकद इंजिन उघडण्याच्या बिलापर्यंत जाते.

मिळते काय, तेही पाहू. दहा किलोमीटरचा चढ ताशी तीसच्या वेगाने वीस मिनिटांत चढतो. ताकद दहा टक्के वाढली आणि ती सगळी वेगात उतरली असे धरले, तरी वाचतात जेमतेम दोन मिनिटे.

पण हा विषय आरोग्याच्या सदरात येण्याचे कारण धुरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकले. माणसात कर्करोग होतो हे पुरेशा पुराव्याने सिद्ध झालेल्या गोष्टींचा हा गट. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस त्यातच आहेत. या निर्णयामागे जे अभ्यास होते त्यातला एक अमेरिकेतल्या आठ खाणींमधल्या १२,३१५ कामगारांचा. भूगर्भात डिझेल यंत्रांच्या धुरात सर्वाधिक काळ राहिलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला. काजळीचे कण मायक्रोमीटरच्याही अंशाइतके लहान असतात. नाकातले केस त्यांना अडवत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरू शकतात. दमेकऱ्याला त्याच दिवशी त्रास होतो, हृदयविकार असलेल्याला काही तासांत होऊ शकतो, कर्करोगाला वर्षे लागतात.

‘आमच्याकडे समुद्राचा वारा आहे’ हे उत्तर रत्नागिरीत हमखास मिळते. वारा शहराची सरासरी सुधारतो, यात शंका नाही. पण वाहनाचा धूर सगळ्यात दाट असतो तो रस्त्यालगत. दोन-तीनशे मीटरवर तो बराच विरतो. त्यामुळे सरासरी हवा चांगली असलेल्या गावातही चढावरचा टपरीवाला, मागच्या दुचाकीवरचे मूल आणि पावसाळ्यात शटर अर्धे ओढून इंजिन ‘रेस’ करून पाहणारा मेकॅनिक यांच्या वाट्याला वेगळीच हवा येते. यातला सर्वाधिक धूर मेकॅनिकच्याच छातीत जातो आणि या विषयात त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. सायलेन्सरला नळी लावून धूर दाराबाहेर काढणे ही त्याच्यासाठी सगळ्यात स्वस्त सोय आहे.

मग पीयूसीत हे पकडले जात नाही का? डिझेल गाडीची चाचणी न्यूट्रलमध्ये होते. पेडल पूर्ण दाबायचे आणि धूर किती प्रकाश अडवतो ते मोजायचे. भारत स्टेज चारच्या आधीच्या गाड्यांना ६५ एकक आणि स्टेज चारला ५० एककांपर्यंत मुभा आहे. ६५ एकक म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीच्या धुरातून ३५ टक्केच प्रकाश पार होणे. हा काही स्वच्छ धूर म्हणता येणार नाही! त्यात भर म्हणजे गाडीवर भार नसतो, आणि चाचणीपुरता स्क्रू मागे घेणे फार अवघड नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे तर या चाचणीत मोजलीच जात नाहीत.

ही शेवटची त्रुटी थोड्या नव्या, कॉमन रेल गाड्यांच्या बाबतीत महत्त्वाची आहे. तिथे स्क्रू नाही. म्हणून ‘चिप’ बसवली जाते किंवा ईजीआरला पत्र्याची चकती लावून तो बंद केला जातो. ईजीआर जळालेला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडून तापमान उतरवतो. तो बंद केला की इनटेकमध्ये काजळी कमी बसते, हे मेकॅनिक सांगतो ते खरे आहे. पण नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात, आणि त्यांतूनच ओझोन आणि सूक्ष्म कण तयार होतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये असा हिशेब मांडला, की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची प्रदूषण-नियंत्रक यंत्रणा काढून टाकली गेली होती. म्हणजे ही खोड फक्त आपल्याकडचीच नाही. आपल्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करू देत नाही. कलम १८२अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

मात्र जुन्या गाडीला बहुतेक वेळा जादा ताकद नकोच असते, हरवलेली परत हवी असते. आणि ती मिळवणे खरोखर स्वस्त आहे. सुरुवात अगदी साध्या गोष्टीने करावी : इंजिन बंद ठेवून कोणाला तरी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगा आणि पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का ते पाहा. केबल ताणली गेली असेल तर कित्येक वर्षे चालक ‘फुल’ देतो आणि पंपाला तीन-चतुर्थांशच मिळते. त्यानंतर एअर फिल्टर. महामार्गाचे काम आणि जांभ्याची लाल धूळ यांमुळे कोकणात तो पुस्तकात दिलेल्या अंतराच्या बराच आधी भरतो. वर सांगितलेला हवेचा हिशेब तिथेच बिघडतो आणि स्क्रूला हात न लावताही काळा धूर येतो. डिझेल फिल्टर तुंबला असेल तर उलटे होते, धूर नसतो आणि गाडी नुसतीच मरगळते. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत ओल धरते, म्हणून फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू उघडून पाणी काढणे विसरू नये.

टर्बो असेल तर इंटरकूलरच्या रबरी नळ्या तपासाव्यात. चढावर ‘फुस्स’ असा आवाज आणि सांध्याशी तेलाचा डाग दिसला तर हवा तिथून निसटते आहे. नोझल धुऊन, दाब मोजून घेतले की फवारा पुन्हा बारीक होतो आणि तेवढेच डिझेल अधिक काम करते. टॅपेटचे अंतरही त्याच भेटीत पाहून घ्यावे. काही वेळा दोष इंजिनात नसतोच. एखाद्या चाकाचा ब्रेक चिकटलेला असतो, क्लच घसरत असतो, टायरमध्ये हवा कमी असते, वर लोखंडी कॅरिअर बाराही महिने लादलेला असतो. हे सगळे करूनही गाडी ओढत नसेल, तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. ते पडले असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेलेत. तिथे डिझेल वाढवणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतत राहणे.

एक गोष्ट मालकाने काही न करता झाली. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाखांत दहा भाग एवढेच आहे. एकेकाळी बहुतांश भारतात ते साडेतीनशे होते. याचा फायदा जुन्या इंजिनाच्या धुरालाही मिळतो. नीट राखलेली वीस वर्षांची गाडी त्यामुळे कधी कधी सील तोडलेल्या दहा वर्षांच्या गाडीपेक्षा कमी धूर ओकेल. सरकारचे शुल्क मात्र वयावर लागते. वीस वर्षांपुढच्या प्रत्येक मोटारीकडून, ती नीट राखलेली असो वा सील तोडलेली, दहा हजार रुपये सारखेच घ्यायचे, आणि धूर मोजायचा तो भार नसताना, हे धोरण वसुलीला सोयीचे असेल, फुप्फुसांना नाही. भाराखाली धूर मोजणारी आणि पंपाचे सील पाहणारी तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाली, आणि त्यात पास होणाऱ्याला शुल्कात सूट दिली, तर स्क्रू मागे फिरवायला मालकालाच कारण मिळेल. तोवर ते काम गॅरेजमध्येच होऊ शकते : पुढच्या सर्व्हिसिंगला पंपाचे सील शाबूत आहे का, एवढे विचारायला पैसे लागत नाहीत.