काडी मोठी म्हणून होळी मोठी होत नाही

‘गाडी आता मोकळी पळतेय.’ हे वाक्य मी स्वतः बोललोय, आणि ते खोटं होतं.

मित्राने सेकंडहँड ऑक्टेविया आरएस घेतली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस. हप्ते डोक्यावर, तरी हात शिवशिवत होते. मी म्हटलं, इग्निशन अपग्रेड कर. लाल कॉइल, इरिडियमचे प्लग, मजुरी धरून बिल १८ हजार. पैसे त्याचे, सल्ला माझा. कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडताना त्याने विचारलं, ‘जाणवतंय का रे?’ मी मान डोलावली.

त्या मान डोलावण्याची भरपाई म्हणून हा लेख. माझं म्हणणं सरळ आहे. आधुनिक, धडधाकट इंजिनात ठिणगी चुकत नसेल, तर बाजारातल्या महागड्या कॉइल-प्लगने ताकद वाढत नाही. तिथे आपल्याला विकली जाते ती फार तर दुरुस्ती, अपग्रेडच्या भावात.

हिशोब करून बघा. २३० पीएस म्हणजे सुमारे १६९ किलोवॅट. ६००० आरपीएमला चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला २०० वेळा ज्वलन होतं. म्हणजे दर वेळी चाकांच्या दिशेने ८४५ जूल निघतात. इंजिनाची कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या आसपास धरली, तर दर वेळी जळणाऱ्या पेट्रोलची ऊर्जा अडीच-तीन हजार जूल. आणि ठिणगीची? साधारण ०.०५ ते ०.१ जूल. होळी पेटवायला काडी लागतेच, पण काडी दुप्पट जाड घेतली म्हणून होळीचा जाळ दुप्पट होत नाही. लाकडं तेवढीच असतात. मिश्रण एकदा वेळेवर पेटलं की ठिणगीचं काम संपलं.

‘पण जोरात पळवताना कॉइलला चार्ज व्हायला वेळ मिळत नाही,’ असं दुकानदार सांगतो. हे एकेकाळी खरं होतं. प्रीमियर पद्मिनीसारख्या पॉइंटवाल्या गाडीत एकच कॉइल चारही सिलिंडरांना पुरायची. ६००० आरपीएमला तिला दोन ठिणग्यांच्या मध्ये जेमतेम ५ मिलिसेकंद मिळतात. त्यात पॉइंट झिजतात, टायमिंग हलतं. अशा गाडीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावा, फरक दिसेल, मी स्वतः टाळ्या वाजवीन. पण आजच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असते. त्याच वेगाला तिला २० मिलिसेकंद मिळतात. चार्ज व्हायला त्यातले तीन-चार पुरतात. पद्मिनीचं औषध आपण ऑक्टेवियाला पाजतोय.

दुसरा युक्तिवाद जास्त गोड आहे: ‘मला फरक जाणवला.’ जाणवलाही असेल. ४० हजार किलोमीटर झिजलेले प्लग काढून कुठलेही नवे घातले, तरी गाडी सुधारतेच. तुलना करायचीच तर कंपनीचे नवे प्लग विरुद्ध बाजारातले नवे प्लग, अशी करा. इरिडियम चांगलंच आहे. ते सुमारे २४४६ अंशांना वितळतं, म्हणून टोक बारीक ठेवता येतं आणि ते फार टिकतं. पण हा गुण आयुष्याचा आहे, ताकदीचा नाही. डायनोच्या पावतीवर ‘पाच पीएस वाढले’ असं लिहिलेलं असेल, तर एवढंच लक्षात ठेवा की २३० चे दोन टक्के म्हणजे साडेचार. हवेचं तापमान, टायरमधली हवा, इंजिन किती तापलंय, एवढ्यानेही तितका फरक पडतो.

आता माझी लाज. ऑफिसात कुणी ‘कोड फास्ट केलाय’ म्हणालं, तर मी पहिला प्रश्न विचारतो: बेंचमार्क कुठे आहे? जिथे अडतंय तिथे हात न लावता भलतीकडे सुधारणा केली की प्रोग्राम वेगवान होत नाही, हे इंजिनिअरिंगच्या पोराला सांगावं लागत नाही. आणि इथे लॅपटॉपमध्ये बदलाआधीचे चार आणि नंतरचे चार लॉग पडून होते. दुसरा गिअर, २००० ते ६००० आरपीएम. मी ते तीन आठवडे उघडलेच नाहीत. उघडले तेव्हा दिसलं, एकाच दिवशीच्या दोन फेऱ्यांत जेवढा फरक होता, तेवढाही ‘आधी’ आणि ‘नंतर’मध्ये नव्हता.

गोष्ट इथे संपली असती तर १८ हजारांवर निभावलं असतं. पुढे मित्राने रिमॅप करून बूस्ट वाढवला. आठवड्याभरात चढावर गाडी अडखळू लागली, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. मिसफायर. सिलिंडरात दाब वाढला की त्याच फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. आणि न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. ते तापून गेलं की खर्चाच्या आकड्यात आणखी एक शून्य चढतं. लाल कॉइल जागेवर होत्या. त्यांनी काहीच वाचवलं नाही.

वाचवलं ते गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांनी. त्यांनी प्लग काढले, फीलर गेज घातला आणि विचारलं, ‘गॅप कुणी बघितला होता का?’ कुणीच नाही. डब्यातून काढले आणि बसवले. काकांनी मधल्या बारीक टोकाला धक्का न लावता बाहेरची पट्टी हलक्या हाताने आत घेतली. गॅप ०.८ वरून ०.६५ मिलिमीटर. मिसफायर गायब. मजुरी ६०० रुपये.

जिथे इग्निशन खरंच कमी पडत होतं, तिथेही उत्तर खरेदीत नव्हतं, मोजमापात होतं. रेसवाले जबर कॉइल आणि थंड प्रकृतीचे प्लग वापरतात हे खरं आहे. पण त्यांनी आधी दाब वाढवलेला असतो आणि ठिणगी कुठे विझते ते मोजलेलं असतं. आपण फक्त त्यांची खरेदीची यादी उचलतो.

तेव्हा गाडी हौसेने घ्या, हौसेने पळवा. पण प्लग वेळेवर बदला, गॅप तपासा, जुना लॉग जपून ठेवा. आणि मित्राने ‘जाणवतंय का रे?’ विचारलं, तर मान डोलावण्याआधी फाइल उघडा.

मी त्याला नऊ हजार देऊ केले. तो म्हणाला, त्यापेक्षा काकांकडून फीलर गेज वापरायला शीक. शिकलोय.