ब्रेक ऑइल आणि खोटी सही

ऑफिसातला एक मित्र पुढच्या शनिवारी पहिल्यांदाच आपली गाडी घेऊन लगुना सेकाला चाललाय. लगुना सेका म्हणजे माँटरेजवळचा 3.6 किलोमीटरचा प्रसिद्ध रेसट्रॅक. स्पर्धा वगैरे काही नाही. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि वीस-वीस मिनिटांच्या चार-पाच सेशनमध्ये आपली रोजचीच गाडी मनसोक्त पळवायची, इतकंच. इकडे कॅलिफोर्नियात आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये हे खूळ बरंच आहे. मलाही आहे. तर साहेब तयारी सांगत होते: नवा एक्झॉस्ट, नवे टायर, काचेला लावायला कॅमेरा. मी विचारलं, "ब्रेक ऑइल कधी बदललंस?"

"गाडी घेतल्यापासून नाही बुवा. पण ब्रेक मस्त लागतात रे!"

"आणि तपासणीच्या फॉर्मवर काय लिहिलंस?"

"टिक करून टाकलं सगळं. कोण बघतंय?"

माझं डोकंच फिरलं. त्याच्यावर कमी, स्वतःवर जास्त. का, ते पुढे सांगतो.

आधी हा "ब्रेक मस्त लागतात" प्रकार निकालात काढू. हे म्हणजे आमच्या धंद्यातलं "माझ्या मशीनवर तर चालतंय" झालं. रस्त्यावर आपण ताशी 60 वरून थांबतो, पुन्हा निघतो, मधे ब्रेकना गार व्हायला वेळ मिळतो. ट्रॅकवर काय होतं? साधा हिशेब करा. दोन माणसांसकट 1500 किलोची गाडी ताशी 160 वरून 80 वर आणायची. वेग निम्मा झाला, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून तीन चतुर्थांश ऊर्जा बाहेर काढावी लागते. ती भरते साधारण 11 लाख ज्यूल. तेवढ्यात साडेतीन लिटर पाण्याला उकळी फुटते, म्हणजे वीसेक कप चहाचं आधण. आणि हे सगळं तीनेक सेकंदांत! यातला थोडा भाग हवा आणि इंजिन खातं, बाकी सगळी उष्णता डिस्क आणि पॅडमध्ये. वीस मिनिटांत कमीजास्त जोराचे असे तीस-चाळीस ब्रेक लागतात. डिस्क 500 अंशांपर्यंत सहज जाते आणि ती उष्णता पॅडमधून, कॅलिपरमधून ऑइलपर्यंत पोचते.

आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हेच. नेहमीच्या गाड्यांत असतो तो ग्लायकॉल जातीचा द्रव, आणि त्याला हवेतली वाफ शोषायची खोड असते. रबरी नळ्यांमधून, टाकीच्या झाकणातून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी आत जात राहतं. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो. त्यात 3.7 टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की प्रमाण म्हणून मागतात ते फक्त 155. म्हणजे 75 अंश गेले, आणि पेडलवर पाय ठेवून रस्त्यावर तुम्हाला यातलं काहीही कळत नाही. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल दाबता, बुडबुडे आकसतात, कॅलिपरपर्यंत जोर पोचत नाही आणि पेडल खाली टेकतं. संपलं.

आपल्याकडे घाट उतरणाऱ्या ड्रायव्हरला हे शिकवावं लागत नाही. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, हे आपण लहानपणी एसटीच्या पुढच्या सीटवरच ऐकलेलं असतं. मग डिग्र्या घेऊन इकडे आल्यावर हेच शहाणपण कुठे जातं कोण जाणे.

आता माझं. तीन वर्षांपूर्वी मीसुद्धा त्या फॉर्मवर "ब्रेक ऑइल अलीकडे बदललं आहे" पुढे टिक करून सही ठोकली होती. बदललेलं नव्हतं. दुपारचं तिसरं सेशन, शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेले, निवृत्तीला आलेले शांत गृहस्थ. लगुनाच्या मुख्य सरळ पट्ट्यावर एक उंचवटा येतो. तो ओलांडला की उतार, आणि उताराच्या टोकाला दुसरं वळण, जवळजवळ मागे फिरवणारं. आधीच्या दोन लॅपमध्ये पेडल जरा लिबलिबीत वाटत होतं. मी बोललो नाही, एवढ्यात पिटमध्ये कसं जायचं! तिसऱ्या लॅपला उतारावर ब्रेक दाबला आणि पाय थेट फरशीला. भराभर पेडल मारलं, तिसऱ्या-चौथ्या वेळी थोडं धरलं, गाडी वळणाबाहेरच्या खडीत जाऊन रुतली. कुणाला लागलं नाही. इन्स्ट्रक्टर बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "फॉर्मवर तू 'हो' लिहिलं होतंस." त्या दिवशी ते पुन्हा माझ्या गाडीत बसले नाहीत. बरोबरच केलं.

म्हणून "ज्याची त्याची जबाबदारी" हे मला कुणी ऐकवू नये. शेजारच्या माणसापुढे ब्रेकचं पेडल नसतं. तो नवशिक्याच्या गाडीत बसतो तो त्या सहीच्या भरवशावर. वळणाबाहेर झेंडा घेऊन उभे असलेले लोकही त्याच भरवशावर उभे असतात. स्वतःचा जीव स्वस्त वाटत असेल तर तुमचं तुम्ही बघा, पण ती सही दुसऱ्यांच्या जिवावर केलेली असते.

दुसरी पळवाट: "पॅड अजून अर्धे आहेत की." रस्त्यासाठी अर्धे पुष्कळ. ट्रॅकवर पॅड जितका पातळ, तितकी उष्णता ऑइलकडे जास्त. शिवाय पॅडचं दुखणं वेगळं असतं, ते ओळखायला शिका. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून घसरताहेत. पेडलच मऊ पडलं, तर ऑइल उकळतंय. दोन्हींत लगेच वेग कमी करून पिटमध्ये यायचं. "अजून एकच लॅप" नाही.

आणि पैसे? रेसिंगसाठीचं, 300 अंशांच्या वर उकळणारं ऑइल वीस-पंचवीस डॉलरना मिळतं. एक्झॉस्टला किती मोजले ते आमच्या साहेबांना विचारा. 1953 साली ल मान्सची 24 तासांची शर्यत जॅग्वारच्या सी-टाइपने जिंकली. समोरच्या फेरारीचं इंजिन मोठं होतं, जॅग्वारकडे डिस्क ब्रेक होते. ज्याला खात्रीने थांबता येतं तो उशिरापर्यंत पळू शकतो, इतकी साधी गोष्ट आहे.

माझं म्हणणं एकच. ऑइल बदलल्याची तारीख छातीवर हात ठेवून सांगता येत नसेल तर ट्रॅकवर जाऊ नका. आणि आयोजकांनी टिक मागू नये, पावती मागावी. घरी बदललं असेल तर तारखेसकट फोटो मागावा. नसेल तर गाडी गेटातूनच परत. दिवसभराची फी बुडाली तरी चालेल.

बाकी सवयी फुकट आहेत. जोराच्या ब्रेकआधी सरळ पट्ट्यावर डाव्या पायाने पेडल हलकेच दाबून बघा, जागेवर आहे ना. शेवटचा लॅप ब्रेक न वापरता सावकाश काढा. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा, नाहीतर तापलेले पॅड डिस्कला चिकटून बसतील.

मित्राला उद्या सकाळी माझ्या गॅरेजात बोलावलंय. ऑइल बदलायला दुसरं माणूस असलं की सोपं जातं, एक पेडल दाबायला आणि एक खाली बोल्ट सोडायला. येताना फॉर्म पण आण म्हटलंय. नवा, कोरा. जुना फाडून टाक.