शेवटच्याचा नंबर पहिला

"मामा, त्या लिलावात आपलं नाव टाकायचं असेल तर फॉर्म कुठे मिळतो?"

भाची नववीत आहे. कामतघरला गल्लीत पोरांबरोबर टेनिस बॉलने खेळते, बॉलिंग चांगली टाकते. तिने हे विचारलं तेव्हा मी हसलो. रात्री झोपताना वाटलं, हसायला नको होतं. तिला तेव्हा जे उत्तर देता आलं नाही ते इथे लिहितोय, कारण हा प्रश्न पडलेल्या पोरी भिवंडीत गल्लोगल्ली आहेत.

आधी लिलावाचा हिशोब बघा. महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव 13 फेब्रुवारी 2023 ला मुंबईत झाला. पाच संघ, प्रत्येकाच्या खिशात 12 कोटी. देशाकडून न खेळलेल्या मुलींची मूळ किंमत 10 किंवा 20 लाख, खेळलेल्यांची 30, 40 नाहीतर 50 लाख. सांगलीच्या स्मृती मानधनाचं नाव आलं आणि बोली 3 कोटी 40 लाखांवर थांबली. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाजवायलाच पाहिजेत.

पण त्याच्या आधीचे आकडे कोणी स्टेटसला ठेवले नाहीत. त्या लिलावासाठी नोंदणी केली होती 1525 जणींनी. अंतिम यादीत नावं राहिली 409. त्यात भारतीय 246. जागा जास्तीत जास्त 90 आणि विकल्या गेल्या 87. म्हणजे अकराशेहून जास्त जणी हातोडा उचलायच्या आधीच बाहेर. आणि ज्यांना नोंदणीपर्यंतसुद्धा पोचता आलं नाही, त्यांची मोजदाद कुठल्याच कागदावर नाही. माझी भाची त्यांच्यातली.

आता जरा लांबचं उदाहरण देतो, कामाचं आहे. अमेरिकेत महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग आहे, डब्ल्यूएनबीए. 1997 पासून चालू आहे. तिथे नव्या मुलींवर बोली लागत नाही, 'ड्राफ्ट' होतो. संघांनी एकेक करून नाव पुकारायचं. आणि पहिला नंबर कोणाचा? जे संघ प्लेऑफपर्यंत पोचलेच नाहीत, त्यांचा. त्यांच्यात चिठ्ठ्या निघतात, पण गेल्या दोन वर्षांत ज्याची कामगिरी सगळ्यात वाईट, त्याला संधी सगळ्यात जास्त. पुढच्या संघांचा क्रमही उलटा. जो जास्त जिंकला तो मागे.

2024 साली इंडियानाच्या संघाला असाच पहिला नंबर मिळाला आणि त्यांनी केटलिन क्लार्कला घेतलं, कॉलेजच्या मैदानावर विक्रम करून आलेली पोरगी. तिचा पहिल्या वर्षाचा पगार आधीच ठरलेला होता, 76,535 डॉलर. तेव्हाच्या भावाने साधारण 64 लाख रुपये. कोणाकडे किती पैसा आहे याचा इथे संबंधच नाही. पडलेल्या संघाला हात देऊन उभं करायचं, नाहीतर लीगमध्ये मजा राहत नाही, एवढा साधा विचार.

म्हणून तिकडे सगळं गोड आहे असं समजू नका. त्या वर्षी तीन फेऱ्यांत 36 नावं पुकारली गेली. एका संघात जास्तीत जास्त 12 खेळाडू, त्यामुळे नाव पुकारूनही पुष्कळ मुली हंगाम सुरू व्हायच्या आत घरी जातात. शिवाय अमेरिकन मुलीला आपला संघ निवडता येत नाही, नाव घेईल त्याच्याकडे जायचं. आपल्याकडे लिलावात निदान चांगल्या खेळाडूला बाजारभाव तरी मिळतो. दोन्ही पद्धतींत खोट आहे, दोन्हींत सोय आहे. त्यावर भांडण्यात मला रस नाही.

मला रस आहे तो त्याच्या मागच्या गोष्टीत. अमेरिकेत 1972 ला एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजात मुलगी म्हणून भेदभाव करायचा नाही, आणि त्यात खेळही आले. लीग आली त्यानंतर 25 वर्षांनी. म्हणजे आधी पंचवीस वर्षं मैदान, कोच, स्पर्धा. मग ड्राफ्ट. आपण स्टेज आधी उभारलं. वाईट नाही केलं, त्यानेच माझ्या भाचीला स्वप्न दिलं. पण स्टेजला शिडी लावायची राहिली.

शिडी नसताना चढलेल्या पोरीही आहेत. धारावीची सिमरन शेख. वडील वायरमन. गल्लीत पोरांबरोबर खेळून शिकली. 2023 ला 10 लाखात घेतली गेली, नंतर संघातून बाहेर पडली, आणि डिसेंबर 2024 च्या लिलावात गुजरातने तिच्यावर 1 कोटी 90 लाख मोजले. भिवंडीतल्या किती घरांत ती बातमी दोनदा वाचली गेली असेल! पण एक सिमरन दाखवून "बघा, जिद्द असली की होतं" म्हणणाऱ्यांना माझा एकच सवाल आहे. तिच्याच गल्लीत तिच्यासारखी जिद्द असलेल्या बाकीच्या पोरी कुठे गेल्या?

कबड्डीचं तर विचारूच नका. काल्हेर, कशेळीपासून आपल्या आगरी पट्ट्यात गावागावांत कबड्डी रक्तात आहे. प्रो कबड्डी 2014 ला आली, पुरुषांचे लिलाव आता कोटींच्या घरात गेलेत. मुलींसाठी 2016 ला तीन संघांची छोटी स्पर्धा झाली. मुंबईची अभिलाषा म्हात्रे त्यात एका संघाची कर्णधार होती. अंतिम सामना एका गुणाने सुटला, 24-23. इतकी चुरस! आणि पुढच्या वर्षी ती स्पर्धा नाही. नंतर दुसऱ्यांनी प्रयत्न केले, पण पुरुषांसारखी दरवर्षी भरणारी लीग मुलींना अजून नाही. 2023 ला आपल्या मुलींनी आशियाई सुवर्ण आणलं, तेही 26-25 असं एकाच गुणाने. म्हणजे खेळ कमी पडत नाहीये.

आता आपल्या दारातलं. मागच्या वर्षी भाचीला एका निवड चाचणीला घेऊन गेलो होतो. मेसेज आला आदल्या रात्री साडेदहाला, तोही फॉरवर्ड होऊन. हजेरी सकाळी सात वाजता, ठाण्याच्या पलीकडे. ताईची घरी धागे कापायची ऑर्डर होती, दाजी रात्रपाळीला लूमवर. मी गोडाऊनमध्ये सुट्टी टाकली. पहाटे निघालो, अंजूरफाट्याला कंटेनरची रांग. पोचलो सव्वाआठला. तिथल्या माणसाने वही मिटलेली होती. "पुढच्या वेळी या." भाची बुटाची लेस सोडत बसली, एक शब्द बोलली नाही. येताना रिक्षाचे, बसचे, नाश्त्याचे मिळून चारशे रुपये गेले. ताईच्या घरात चारशे रुपये म्हणजे काय, ते धागे कापणाऱ्याला विचारा.

तिथे हरलो असतो तर काही वाटलं नसतं. तिने एक बॉलसुद्धा टाकला नाही.

लोक म्हणतात लिलावात निवड होते. खरी निवड त्या दिवशी सव्वाआठला झाली होती. ती होते मैदान कुठे आहे यावर, मेसेज कोणाला मिळतो यावर, आणि कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे की नाही यावर. आठवी-नववीत पोरी खेळ सोडतात त्यामागे हे असतं, आणि आपण म्हणतो घरचे पाठवत नाहीत. घरच्यांनी कशाच्या भरवशावर पाठवायचं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. ड्राफ्टचा तो एक नियम उसना घेऊया, शेवटच्याचा नंबर पहिला. ज्या वॉर्डातून, ज्या शाळेतून आजवर एकही मुलगी जिल्ह्याला गेली नाही, तिथे कोच आधी जाईल. मैदानाची वेळ तिथल्या मुलींना आधी मिळेल. रोज संध्याकाळी चार ते सहा एक मैदान फक्त मुलींचं, आणि तिथे पाणी, दिवा, कडी लागणारं स्वच्छतागृह. चाचणीची सूचना निदान आठ दिवस आधी, मराठी, उर्दू, हिंदी आणि पद्मानगरसाठी तेलुगूतसुद्धा, शाळेच्या फळ्यावर. निवडीला जाणाऱ्या मुलीचं आणि तिच्याबरोबरच्या एका मोठ्या माणसाचं जाण्यायेण्याचं भाडं. यात स्टेडियम कुठेच नाही. एका उड्डाणपुलाच्या रंगरंगोटीत हे बसेल.

मत मागायला येतील तेव्हा रस्ता, पाणी, लाईट विचारतोच आपण, विचारलंच पाहिजे. सोबत हाही प्रश्न विचारा: माझ्या वॉर्डातल्या मुलींना खेळायची वेळ कुठली आणि जागा कुठली? उत्तर तारखेसकट मागा.

भाचीला मी काल उत्तर दिलं. म्हटलं, फॉर्म नंतर, आधी मैदान शोधू. ती म्हणाली, "मग शोधा ना मामा, मी तर रेडीच आहे."

तुमच्या भागात मुली कुठे खेळतात, किती वाजता, कोण शिकवतं, ते कमेंटमध्ये लिहा. जिथे काहीच नाही तेही लिहा. आपली यादी तिथूनच सुरू करू.