उमलण्यापलीकडचे सौंदर्य

टवटवी हाच सौंदर्याचा निकष असून कोमेजलेल्या फुलाला किंवा सुरकुतलेल्या चेहऱ्याला सुंदर म्हणणे ही मनाची समजूत होय, असे प्रतिपादन वारंवार केले जाते. या पूर्वपक्षाला, म्हणजे खंडनासाठी आधी मांडलेल्या प्रतिपक्षाच्या मताला, दोन आधार दिले जातात. पहिला धर्माचाराचा : पर्युषित म्हणजे शिळी फुले पूजेला वर्ज्य असतात आणि आदल्या दिवशी वाहिलेली फुले निर्माल्य म्हणून उतरवली जातात. दुसरा निसर्गाचा : कोमेजणे हा ऱ्हास आहे, आणि ऱ्हासाला सुंदर म्हणणे म्हणजे अभावालाच गुण ठरवणे.

यांपैकी पहिला आधार त्याच आचाराच्या तपशिलात डळमळतो. शिळेपणाच्या नियमातून तुळस आणि बेल वगळलेले आहेत, आणि उतरवलेले निर्माल्य पायदळी येऊ नये याचीही काळजी परंपरेने घेतली आहे. शिवाय हा नियम काय अर्पण करावे हे सांगतो. काय सुंदर मानावे, हा त्याचा विषयच नाही.

दुसऱ्या आधाराला वनस्पतिशास्त्राचा पाठिंबा मिळत नाही. पाकळीचे जरण, म्हणजे तिचे नियंत्रित वार्धक्य, ही झाडाने घडवून आणलेली क्रिया असते : पाकळीच्या पेशी आपली प्रथिने मोडतात, त्यांतील नायट्रोजनसारखी द्रव्ये इतर भागांकडे, अनेकदा वाढत्या बीजकोशाकडे, जातात, आणि कार्नेशन किंवा ऑर्किडसारख्या फुलांत परागीभवनानंतर वाढणारे इथिलीन हे संप्रेरक या क्रियेला चालना देते. मधुमालतीचे फूल पांढरे उमलते, मग गुलाबी आणि शेवटी लाल होते; तिच्या घोसावर लुब्ध होणारा प्रेक्षक एकाच वेळी तीन वयांची फुले पाहत असतो. घाणेरीच्या काही प्रकारांत मध असलेली नवी फुले पिवळी असतात, आणि रंग बदललेली जुनी फुले गुच्छातच टिकून तो फुलपाखरांना दुरून दिसेल इतका ठळक करतात.

रंग पालटणे वेगळे आणि सुकणे वेगळे, असा आक्षेप यावर घेता येईल. परंतु त्याला बकुळीचे उत्तर पुरेसे आहे, कारण तिचे फूल सुकून तपकिरी झाल्यावरही गंध राखते, आणि म्हणूनच ते जपून ठेवले जाते.

मात्र फुलाचा हा दाखला माणसाला जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरेल. फुलाचे जरण बीजासाठी उपयोगी पडते म्हणून वृद्धांनीही आपली उपयुक्तता सिद्ध करावी, असे म्हटले तर निरुपयोगी ठरलेल्या वृद्धाच्या वाट्याला उपेक्षाच येईल. वृद्धांची बाजू घेऊन त्यांना ‘मनाने तरुण’ म्हणणारेही अशीच चूक करतात. वार्धक्याचा गौरव ते तारुण्याच्या मापाने करतात आणि प्रतिपक्षाचा निकष नकळत मान्य करून बसतात.

वार्धक्याचे सौंदर्य त्याच्याच मापाने पाहता येते, हे डच चित्रकार रेम्ब्रांट (१६०६–१६६९) याच्या अखेरच्या आत्मचित्रांत दिसते. सैल पडलेली त्वचा आणि जड पापण्या त्याने झाकल्या नाहीत. रंगाच्या जाड थरांतून त्याने त्या अधिकच ठसठशीत केल्या. हे सौंदर्य चित्राचे, चेहऱ्याचे नव्हे, असे म्हणणाऱ्याला विचारावे लागते की, तोच चेहरा गुळगुळीत रंगवला असता तर ते चित्र उरले असते काय? सौंदर्य म्हणजे निर्दोष पृष्ठभाग नव्हे, तर घडण दृग्गोचर होणे, असे मानले की वर्षानुवर्षांच्या हसण्यातून आणि श्रमांतून उमटलेली रेषा दोष राहत नाही. तरुण चेहऱ्याजवळ नसलेली ती एक भर ठरते.

या सिद्धान्ताला मर्यादा आहे. वेदना, विस्मृती आणि परावलंबन यांना सुंदर म्हणणे क्रौर्य होईल. त्यांवर उपचार आणि आधार हेच उत्तर आहे. परंतु सुरकुती हा आजार नाही, आणि तिला आजारासारखे वागवणारी दृष्टी सौंदर्याचे रक्षण करत नसून त्याचा फक्त पहिला अंक पाहून उठून जाते.