नाणे कोठे सापडले?

नाणी जमवणाऱ्या मुलाला घरी आलेले पाहुणे हमखास एकच प्रश्न विचारतात, "याचे बाजारात किती येतील रे?" विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना हा छंद आहे त्यांनी हे नक्कीच ऐकले असेल. माझ्या मते नाण्याविषयी विचारायचा पहिला प्रश्न हा नव्हे. "हे कोठे सापडले, आणि त्याच्याबरोबर आणखी काय होते?" हा पहिला प्रश्न होय. त्याचे उत्तर एकदा हरवले की मग कितीही पैसे मोजले तरी ते परत मिळत नाही.

असे का, ते एका उदाहरणावरून पाहू. नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी नावाचे गाव आहे. तेथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. एकूण नाणी सुमारे १३,२५०! ती क्षत्रप राजा नहपान याची होती. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी व खरोष्ठी अक्षरे. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासली, तेव्हा सुमारे ९,२७० नाण्यांवर दुसराच एक ठसा पुन्हा मारलेला दिसला. तो होता गौतमीपुत्र सातकर्णीचा. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांची तीन कमानींची टेकडी उमटवलेली! गौतमीपुत्राने क्षहरात कुळाचा, म्हणजे नहपानाच्या कुळाचा, उच्छेद केला असे नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात म्हटले होते. पण ती मुलाच्या पराक्रमाविषयी आईने, गौतमी बलश्रीने, कोरवून घेतलेली प्रशस्ती. तिला आता जमिनीतून स्वतंत्र साक्ष मिळाली.

यातले एखादेच नाणे कोणाच्या हाती लागले असते, तरी एका राजाचा ठसा दुसऱ्यावर पडला आहे एवढे कळले असते. परंतु दहांपैकी सात नाण्यांवर नवा ठसा आहे, तीन अजून कोरीच आहेत, म्हणजे चलन बदलण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालले होते, हे कळायला सबंध साठा एकत्र पाहावा लागला. तोच साठा गावातल्या पोरांनी आणि सोनारांनी मूठमूठ वाटून घेतला असता तर? नाणी कोठेतरी राहिली असती, प्रमाण मात्र कायमचे गेले असते.

आता आपल्या पुणे जिल्ह्यात येऊ. रांजणगाव ज्या शिरूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तेथे त्या लोकांचे एकही नाणे मिळाले नाही. मिळणार कसे? आपल्या देशात नाणी त्यानंतर काही शतकांनी आली. पण नाणी जमवणाऱ्याने इनामगावकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. खापराचा तुकडा कोणत्या खड्ड्यात, कोणत्या थरात मिळाला याची तेथे नोंद होत होती. म्हणून तर फुटक्या खापरांवरून काळ सांगता आला. घरोघरी पडलेल्या रांजणाच्या तुकड्यांवरून कोणी काही सांगू शकेल का?

समजा, नांगरताना तुमच्या शेतात तांब्याचे एक जाड नाणे वर आले. पुष्कळदा ती शिवराई असते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. लगेच ती शिवाजी महाराजांच्या हातची समजू नका. शिवराई पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही पाडल्या जात होत्या. ओळींमध्ये दुहेरी रेघ असलेली 'दुदांडी' त्या उत्तरकाळातली. घरी आणल्यावर आई किंवा आजी काय करील? देवाची भांडी घासतो तशी चिंच लावून लख्ख करील. हे मात्र होऊ देऊ नका. चिंचेतील टार्टारिक आम्ल तांब्याच्या पृष्ठावरचा हिरवट-काळा थर विरघळवते. अक्षरांच्या कडा पुष्कळदा त्या थरातच टिकून असतात. चकचकीत नाणे दिसायला छान, वाचायला निरुपयोगी.

आणि एकाऐवजी मडकेभर नाणी लागली तर? त्यासाठी १८७८ पासून कायदा आहे. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लोक याला भितात आणि गुपचूप भंगारवाल्याला किंवा सोनाराला गाठतात. सरकारने वस्तू ठेवून घेतल्यास मोबदल्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे, हे शिक्षकांनी गावात आवर्जून सांगावे.

किमतीच्या प्रश्नाचे आजकालचे रूप तर फारच वाईट आहे. देवीचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये देतो, अशा जाहिराती मोबाईलवर येतात. आधी नोंदणीचे शुल्क भरा, मग कर भरा! ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेलाच जाहीर करावे लागले की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि आपल्या नावाने कोणी शुल्क मागत असेल तर ती फसवणूक आहे. दुसरा प्रकार राम-सीतेचे चित्र आणि '१८१८ ईस्ट इंडिया कंपनी' अशी अक्षरे असलेल्या 'नाण्यां'चा. कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. अशी नाणी तांदूळ ओढून घेतात, असेही सांगणारे भेटतात. तांदळाला चुंबक ओढत नाही, हे तुम्ही वर्गातच करून पाहू शकता.

चांदीच्या रुपयाचीही परीक्षा करता येते. १८६२ ते १९३९ या काळातील रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी ९१.७ टक्के, बाकी तांबे. त्याची घनता सुमारे १०.३. दोऱ्याने बांधून पाण्यात टांगला तर वजन सुमारे १.१३ ग्रॅमने घटले पाहिजे. तेवढ्याच वजनाचा तांबे-निकेलचा बनावट रुपया १.३१ ग्रॅमने घटेल. शाळेचा तराजू एवढा फरक सहज दाखवतो. आर्किमिडीजचे तत्त्व पाठ करण्यापेक्षा हे बरे, नाही का?

पण जुनी नाणी मिळत नाहीत, विकत घ्यायला पैसे नाहीत, मग छंद कसा करायचा? माझे सांगणे असे की पहिली दोन वर्षे नाणी जमवूच नका, नोंदी जमवा. या बाबतीत रांजणगावचा विद्यार्थी भाग्यवान आहे. गाव पुणे-नगर रस्त्यावर, महागणपतीच्या दर्शनाला येणारे लोक साऱ्या महाराष्ट्रातले आणि औद्योगिक वसाहतीतले कामगार तर कोठकोठल्या राज्यांतून आलेले. या सर्वांच्या खिशातली नाणी फुलांच्या आणि प्रसादाच्या दुकानांतील गल्ल्यात पडतात. दुकानदारकाकांना विनंती करून, त्यांच्यासमोर बसून २०० नाणी पाहा आणि परत द्या. प्रत्येकाचे वर्ष लिहा. वर्षाच्या खालची खूण भिंगातून पाहा. चौकटीसारखी खूण असेल तर टांकसाळ मुंबईची, चांदणी असेल तर हैदराबादची, गोल ठिपका असेल तर नोएडाची. काहीच नसेल तर कोलकात्याची. जवळ चुंबक ठेवा. १९९२ पासूनचा पोलादी रुपया त्याला चिकटेल, त्याआधीचा तांबे-निकेलचा चिकटणार नाही. पाच रुपयांच्या नाण्यांत तर तांबे-निकेल, पोलाद आणि निकेल-पितळ असे तिन्ही प्रकार सापडतील.

हीच मोजणी माघी गणेश जयंतीच्या गर्दीत एकदा आणि भर पावसाळ्यात एकदा करा. मुंबईची चौकट दोन्ही वेळा सारखीच येते का? नागपूरला किंवा बेळगावला मामा-मावशी राहत असतील तर त्यांच्या गावच्या वाण्याकडची २०० नाणीही सुटीत मोजून आणा. वहीत तारीख, दुकान आणि गाव लिहायला मात्र विसरू नका. आणि कोणी दहा रुपयांचे नाणे "हे चालत नाही" म्हणून परत केले, तर तेही लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या १४ नमुन्यांची माहिती देऊन ते सगळे वैध असल्याचे सांगितले आहे. तरी ते नाणे कोठे चालते आणि कोठे अडते, याचा नकाशा तुमच्या वहीतून निघू शकेल.