अंक कुणाच्या हातांनी निघतो?

गेल्या दिवाळीनंतरच्या बैठकीत माझ्या मैत्रिणीने सांगितलं, "या अंकापासून मला धरू नका." प्रभादेवीतला आमचा बायकांचा गट दर दोन महिन्यांनी आठ पानांचं पत्रक काढतो. सात वर्षं ते आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. पैसे कुणालाच मिळत नाहीत. माझं एमएसडब्ल्यू झालेलं, संस्थेत पगाराची नोकरी. तिच्या घरचा खर्च शिकवण्यांवर चालायचा. चाळ पुनर्विकासाला गेली, भाडं परवडेना म्हणून ती विरारला राहायला गेली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यात तिला पूर्णवेळ नोकरी लागली.

बैठकीत कुणी काही बोललं नाही. जिना उतरताना मात्र कुजबुज सुरू झाली. "चळवळीचं काम असं मध्येच सोडतात का?" खोटं कशाला बोलू, मलाही रागच आला होता.

मला वाटलं, तिच्या वाट्याचे दोन लेख मी लिहीन, म्हणजे झालं. लेख लिहून झाले. पण अंक निघेना. वर्गणीदारांचे पत्ते तिच्या वहीत. कोण चाळ सोडून संक्रमण शिबिरात गेलं, कुणाचा अंक शेजारणीकडे द्यायचा कारण घरी दिला तर नवरा फाडतो, हे तिच्या डोक्यात. छापखान्यात कागदाचा भाव कोण विचारतं, टपालाची तिकिटं कोण लावतं, हे मी सात वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. अंकावर 'लेखन' म्हणून दोघींची नावं यायची. या बाकीच्या कामाला नावच नव्हतं.

याची किंमत एका तिसऱ्याच बाईने मोजली. पत्रकात आम्ही बायकांचे अनुभव नाव बदलून छापतो. माझी मैत्रीण प्रत्येक मजकूर त्या बाईला वाचून दाखवायची आणि ओळख पटेल असं जे असेल ते काढून टाकायची. त्या अंकाच्या वेळी घाई होती, मी वाचून दाखवलं नाही. नाव बदललं, पण नवऱ्याचं काम आणि मजला तसाच राहिला. सासरच्यांनी ओळखलं. ती बाई आता आमच्याकडे येत नाही. दोनदा निरोप पाठवला, उत्तर नाही. ही चूक माझी आहे, आणि ती मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

मैत्रिणींनो, घरकामाला मोल नाही हे आपण प्रत्येक शिबिरात सांगतो. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीतही तेच दिसलं. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. हे आकडे मीच फळ्यावर लिहिते. पण आपल्याच गटातलं घरकाम कोण करत होतं, हे मी मोजलं नाही. लेख लिहिणारी दिसते, पत्ते लिहिणारी दिसत नाही. मग ती थकून निघाली की आपण तिच्या निष्ठेवर बोट ठेवतो. स्वयंसेवा हीसुद्धा एक ऐपत आहे. घरून मोकळीक आणि महिन्याला ठरलेला पगार असला की ती जमते. मला जमते, म्हणून मी जास्त निष्ठावान ठरत नाही.

पत्र चालवणारे हात बदलणं काही नवीन नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधु' सुरू केलं. १८८० मध्ये ते मुंबईला आलं, नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांचं दुःख त्यात मांडलं. १८९७ मध्ये लोखंडे गेले. पुढे वासुदेवराव बिर्जे यांनी ते चालवलं, आणि त्यांच्या निधनानंतर संपादनाचं काम तानुबाई बिर्जे यांनी हाती घेतलं. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी! आपल्या काळातलं उदाहरण 'मिळून साऱ्याजणी'चं. विद्या बाळ यांनी ते १९८९ मध्ये सुरू केलं. संपादनाची सूत्रं त्यांच्या हयातीतच गीताली वि. मं. यांच्याकडे गेली. ३० जानेवारी २०२० ला विद्याताई गेल्या, मासिक थांबलं नाही. माणूस जायच्या आधी काम वाटलेलं असलं, तर मागे राहणाऱ्यांची अशी त्रेधा उडत नाही.

आम्ही आता काही गोष्टी ठरवल्या आहेत. पत्त्यांची वही गटाच्या कपाटात राहील आणि तिची एक नक्कल दुसरीकडे असेल. प्रत्येक काम दोघींना यायला हवं, छापखान्याचंसुद्धा. वाचून दाखवल्याशिवाय कुणाचाही अनुभव छापायचा नाही, मग अंकाला महिना उशीर झाला तरी चालेल. टपालापासून प्रूफापर्यंत जिने जे केलं, तिचं नाव त्या कामापुढे छापायचं. प्रवासखर्च मागणाऱ्या बाईला लाज वाटू नये म्हणून तो सगळ्यांनाच द्यायचा. आणि कुणी थांबते म्हणाली, तर आधी विचारायचं, "तुझं कसं चाललंय?" हा प्रश्न त्या दिवशी मी विचारला नव्हता.

एवढं करूनही माणसं कमी पडली तर? मग आठऐवजी चार पानं काढू. वर्षाला सहाऐवजी तीन अंक काढू. एकीच्या पाठीवर आठ पानं लादण्यापेक्षा ते बरं.

मागच्या महिन्यात मी विरारला गेले. सासूबाईंना भरवता भरवता तिने वहीतले पत्ते एकेक करून समजावले. परत लिहिशील का, असं मी विचारलं नाही. निघताना ती म्हणाली, "मलापण अंक पाठव गं. वर्गणी घे." मी घेतली. पत्त्यांच्या वहीत तिचं नाव मी माझ्या हाताने लिहिलं.

तुमच्या गटात हे कसं चालतं? पत्ते कोण लिहितं? जरूर कळवा.