असईचा डाव आणि पनवेलची वाट

वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन याला उतारवयात एका परिचिताने विचारलं, की रणांगणावर तुमच्या हातून झालेली सर्वोत्तम कामगिरी कोणती? उत्तर एका शब्दाचं होतं: असई. जालना जिल्ह्यातलं, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं एक खेडं. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे तो शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला, तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता. वय 34. नेपोलियनही त्याच वयाचा, दोघांचा जन्म 1769 चा. वेलस्ली केळणेचा उतार शोधत होता तेव्हा तिकडे नेपोलियन इंग्लंडवर उतरायची तयारी करत होता.

नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर मांडून खेळणाऱ्यांचं जगभर मोठं गणगोत आहे. इंच-सव्वा इंचाचे रंगवलेले सैनिक, कापडाच्या टेकड्या, निळ्या पट्टीची नदी, मोजपट्टी, फासे आणि नियमांचं जाडजूड पुस्तक घेऊन ही मंडळी अख्खा रविवार एका लढाईत घालवतात. असई त्यांची लाडकी. कारण उघड आहे: नायक त्यांचा, विजय त्यांचा, समोरची फौज कितीतरी पट मोठी. महाराष्ट्रात मात्र पानिपतावर तासभर बोलणारा माणूस असईवर दोन मिनिटं बोलू शकत नाही. ही लढाई टेबलावर मांडायचं काम म्हणूनच मराठी माणसाने अंगावर घ्यायला हवं. डाव रचायला बसलं की असे प्रश्न पुढे येतात, जे पाठ्यपुस्तक एका परिच्छेदात उरकून टाकतं.

या खेळाला पोरखेळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने 1812 मध्ये आपल्या राजाला असा खेळ सादर केला. त्याच्या सैन्याधिकारी मुलाने 1824 मध्ये तो सुधारून नकाशावर आणला. फासे, दोन रंगांचे ठोकळे आणि मध्ये पंच. प्रशियाच्या जनरल स्टाफचा प्रमुख म्युफलिंग तो बघायला काहीसा अनिच्छेनेच बसला आणि उठला तो सगळ्या सैन्याला शिफारस करूनच. हाच म्युफलिंग वॉटर्लूच्या दिवशी वेलिंग्टनच्या छावणीत प्रशियाचा प्रतिनिधी म्हणून हजर होता. लढाई म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता असईकडे वळू. पहिली अडचण जागेची. 28 मिलिमीटर उंचीचा सैनिक म्हणजे माणूस सुमारे साठपट लहान केलेला. त्याच हिशेबाने एक मैलाचं रणांगण मांडायचं तर टेबल 27 मीटर लांब लागेल. मंगल कार्यालयच भाड्याने घ्यावं लागेल! म्हणून सैनिक एका मापाने आणि जमीन दुसऱ्या मापाने लहान करतात. एक पुतळा म्हणजे वीस माणसं धरली, तर वेलस्लीच्या प्रत्यक्ष लढलेल्या साडेचार हजारांना सव्वादोनशे पुतळे पुरतात. शिंद्यांच्या कवायती पायदळाला, म्हणजे साधारण पावणेअकरा हजारांना, पाचशे चाळीस. घोडदळ वेगळं आणि शंभराच्या घरातल्या तोफा आणखी वेगळ्या.

दुसरी अडचण खरी मजेची आहे. वेलस्लीच्या वाटाड्यांनी सांगितलं होतं, की नदीला जवळपास उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं, तर दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड अशी दोन गावं समोरासमोर. इतक्या जवळच्या गावांत येजा असणारच, म्हणजे उतारही असणार, असा तर्क त्याने केला. तो खरा ठरला. पण टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाने हे आधीच वाचलेलं असतं! ज्याला उत्तर माहीत आहे, त्याला तर्क करायला लावणार कसा? उपाय असा, की उताराच्या तीन-चार शक्य जागा ठरवायच्या, चिठ्ठ्या बंद पाकिटात घालायच्या आणि पंचाने ते पाकीट वेलस्लीचे सैनिक काठावर पोचल्यावरच फोडायचं. उतार नसला तर? तर इंग्रज खेळाडूने त्या दिवशीच्या वेलस्लीइतकंच घामाघूम व्हायला हवं. काही चतुर मंडळी गावांची नावं बदलून, नकाशा उलटा करून लढाईच लपवतात. खेळाडूला आपण असई खेळलो हे शेवटी कळतं.

मराठ्यांच्या बाजूचे नियम लिहिताना मात्र रचणाऱ्याची खरी परीक्षा असते.

शिंद्यांचे कंपू म्हणजे हातात भाले घेतलेली गर्दी नव्हती. युरोपीय पद्धतीने शिकवलेलं, बंदुका-संगिनींनी सज्ज असं ते पायदळ होतं. त्यांचा मुख्य सेनानी अँथनी पोलमन हानोवरचा, एकेकाळी ईस्ट इंडिया कंपनीच्याच फौजेतला सार्जंट. इंग्रज आपल्या डाव्या अंगाने नदी ओलांडतोय हे दिसताच त्याने अख्खी फळी काटकोनात फिरवली आणि दोन नद्यांच्या मधली जागा अडवून ती नव्याने उभी केली. हे वेलस्लीला अपेक्षित नव्हतं. शत्रूसमोर, हजारो माणसांची फळी न मोडता फिरवणं हे कुठल्याही युरोपीय सैन्याने अभिमानाने सांगावं असं काम. तेव्हा ‘एतद्देशीय फौज, हालचाल मंद’ असा सरसकट शिक्का मारून मराठ्यांना कमी गुण देणारा डाव पहिल्या अर्ध्या तासातच खोटा पडतो.

तोफांचंही तसंच. गोलंदाज इतका अचूक मारा करत होते, की वेलस्लीच्या तोफा ओढणारे बैल पडले आणि त्या तोफा मागेच राहिल्या. उरली फक्त संगीन. इंग्रजांचं पायदळ तोफांवरून पुढे निघून गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी पाठीमागून पुन्हा मारा सुरू केला. म्हणून नियम असा हवा: तोफ ताब्यात आली म्हणून टेबलावरून उचलायची नाही. तिच्यापाशी पहारा ठेवला नाही, तर पुढच्या खेपेला फासा टाकून ती पुन्हा धडाडू शकते. या एका नियमाने इंग्रज खेळाडूची झोप उडते, कारण पहाऱ्याला ठेवायला त्याच्याकडे माणसंच नाहीत.

मग एवढं असून हरलो का? मराठी घरात याचं उत्तर तयार असतं: फितुरी. ते पूर्ण खोटं नाही. गव्हर्नर जनरलच्या जाहीरनाम्यानंतर शिंद्यांच्या नोकरीतले इंग्रज अधिकारी निघून गेले होते, कंपू त्यांच्यावाचून लढले. वसईच्या तहानंतर पेशव्यांचे स्वार वेलस्लीच्या बाजूने होते, हेही खरं. मराठी पोराला टेबलावर इंग्रजांच्या रांगेत मराठे स्वार मांडावे लागतील, आणि ते मांडायलाच हवेत. पण डावाच्या नियमांत ‘फितुरी’ असं लिहून भागत नाही. कुठली पलटण, किती वाजता, कुणाच्या हुकमाने थांबली, हे लिहावं लागतं. आणि तसं लिहायला गेलं की बोट घोडदळाकडे जातं. हजारो स्वार दिवसभर जवळपास नुसते उभे होते. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले लढाईचा निकाल लागायच्या आतच रणातून बाहेर पडले होते.

हे टेबलावर आणायचं कसं? एक मार्ग सोपा: घोडदळ हलवायला फाशावर सहाच पडले पाहिजेत. तो या लेखकाला पटत नाही. त्यात मराठा खेळाडू फाशाला शिव्या घालत बसतो आणि शिकत काहीच नाही. त्याहून बरं म्हणजे मराठ्यांच्या बाजूला तीन खेळाडू बसवावेत: एक शिंदे, एक भोसले, एक पोलमन. तिघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. चिठ्ठी लिहायची आणि ती पंचामार्फत एक खेप उशिरा पोचणार. त्यातून शिंदे आणि भोसले यांची जिंकण्याची अट वेगळी ठेवायची: स्वतःचे स्वार शाबूत राहिले तर त्यांना गुण, पोलमनच्या तोफा वाचल्या तर फक्त पोलमनला. मग कुणालाही फितूर म्हणावं लागत नाही. तीन शहाणी माणसं आपापल्या हिताचं वागतात आणि फळी कोसळते.

इंग्रजांच्या बाजूलाही असं भूत सोडायला हवं. पिकेटांचा, म्हणजे आघाडीच्या पहारा-तुकड्यांचा, प्रमुख ऑरॉक हुकूम चुकीचा समजून थेट असई गावाच्या दिशेने गेला, 74वी पलटण त्याच्यामागे गेली आणि गावातल्या तोफा-बंदुकांसमोर चिरडली गेली. मॅक्सवेलचं घोडदळ धावून आलं नसतं तर उजवी बाजू संपली होती. लढाई जिंकली तरी वेलस्लीचे 428 मेले, 1,138 जखमी झाले, 18 बेपत्ता: साडेचार हजारांतला तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त. 98 तोफा हाती लागल्या, पण पाठलाग करायची ताकद उरली नव्हती. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी तुकडी येऊन मिळाली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

म्हणून ‘मैदान कुणाच्या हाती’ हा निकष इथे कुचकामी आहे. दोन्ही बाजू बरोबरीच्या करण्यासाठी शिंद्यांच्या पलटणी कमी करणं ही तर लबाडी. फौजा होत्या तशाच ठेवाव्यात, जिंकण्याची व्याख्या बदलावी. निम्मी फौज गमावून असई घेणारा वेलस्ली हरलाच समजावा. आणि अंधार पडेपर्यंत तग धरून पन्नास तोफा बाहेर काढणारा पोलमन जिंकला. लढाई दुपारी तीनच्या सुमारास पेटली आणि सहाच्या आसपास आटोपली. पंधरा मिनिटांची एक खेप धरली तर बारा खेपा. एवढ्यात डाव चहापाण्यासकट संध्याकाळपर्यंत संपतो.

हे सगळं करायला परदेशातून महागड्या पुतळ्यांची खोकी मागवावी लागतील, ही समजूत काढून टाकावी. पनवेलहून पेण हाकेच्या अंतरावर आहे. जे गाव वर्षभर गणपती घडवतं, त्याला बोटाएवढा गोलंदाज घडवणं जड नाही. आणि दिवाळीत किल्ला करून त्यावर मातीचे मावळे मांडणाऱ्या समाजाला सैन्य मांडायची सवय लावावी लागत नाही. उणीव एकच आहे: आपल्या किल्ल्याला शत्रू नसतो. मावळे पाच दिवस उभे राहतात, तोफ कुणावरच रोखलेली नसते आणि भाऊबीज झाली की सगळं खोक्यात जातं.

असई जमल्यावर पनवेलकरांनी घरचा डाव हाती घ्यावा. हा नेपोलियनच्या आधीचा, 1781 चा. मुंबईहून होडीने खाडीत, तिथून पनवेल, पुढे खोपोली आणि बोरघाट, ही पुण्यावर चालून जाण्याची वाट. 1778 च्या अखेरीस कंपनीची फौज याच वाटेने हजारो बैल घेऊन रखडत वर गेली आणि पुढच्या जानेवारीत वडगावला नामुष्कीचा तह करून मोकळी झाली. वसई घेऊन शिरजोर झालेला जनरल गॉडर्ड 1781 च्या सुरुवातीला घाटाच्या तोंडाशी येऊन बसला. माथ्यावर हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर होते, तर खाली परशुरामभाऊ पटवर्धन पनवेलहून येणारी रसद तोडत होते. एप्रिलमध्ये गॉडर्डने माघार घेतली आणि 23 तारखेला तो कसाबसा पनवेलला पोचला.

टेबल लांबट हवं, एका टोकाला खोपोली आणि दुसऱ्या टोकाला पनवेलची खाडी. मध्ये खालापूर, चौक, ओढे, झाडी आणि आजच्या जुन्या महामार्गाच्या आसपासची सुमारे पस्तीस-चाळीस किलोमीटरची वाट. इंग्रज खेळाडूकडे शिपाई थोडे आणि बैल, गाड्या, बुणगे फार. मराठा खेळाडूने समोरासमोर भिडायचंच नाही, शेपूट तोडत राहायचं. इथे कुणी वेलिंग्टन नाही, म्हणून जगातल्या कुठल्याही दुकानात हा डाव तयार मिळणार नाही. पनवेलच्या एखाद्या शाळेने, वाचनालयाने किंवा इतिहास मंडळाने तो रचावा आणि नियम मराठीत छापावेत. त्या माघारीत गॉडर्डचे मेलेले आणि जखमी मिळून 466 झाले, त्यांत 18 गोरे अधिकारी होते. त्याहून कमी माणसं गमावून पनवेल गाठून दाखवणारा गॉडर्ड मिळाला, तर त्याला विजेता घोषित करावं. नाहीतर करंडक हरिपंताचा.